कराची ते जुहू : आकाशातील शीव

एखादे गाव किती लांब आहे असे आपण कोणाला विचारले, तर उत्तर सहसा कोसांत किंवा किलोमीटरांत मिळत नाही. ते वेळेत मिळते. शिवेहून बोरीबंदर किती लांब? तर गाडीने अर्धा तास. कोळीवाड्यातल्या जुन्या दर्यावर्दी माणसाला समुद्रातल्या एखाद्या जागेचे अंतर विचारावे, तर तो आधी वारा कोणता आणि भरती की ओहोटी हे विचारील, आणि मग इतक्या तासांची वाट म्हणून सांगेल. यात अडाणीपणा नाही. प्रवास करणाऱ्याला अंतर भोगावे लागते ते वेळेच्याच रूपाने. मात्र या बोलण्यात एक गोष्ट नजरेआड होते. दोन स्थळांमधील अंतर पृथ्वीने एकदाच ठरवून दिलेले असते. त्याला लागणारा वेळ मात्र माणसे ठरवितात, आणि ती तो पुन्हा पुन्हा बदलतात. म्हणून अंतर हा भूगोलाचा विषय असला, तरी वेळ हा इतिहासाचा विषय आहे.

हा विषय समजून घेण्यासाठी आम्ही दोन विमानतळ निवडले आहेत: कराची आणि मुंबई. जगात यांच्याहून कितीतरी दूरदूरचे विमानतळ आहेत. पण नकाशावर जवळ असूनही व्यवहारात फार दूर जाऊन पडलेली, आणि आपल्या शहराच्या इतिहासाशी इतकी निगडित असलेली दुसरी जोडी आम्हांस ठाऊक नाही. शीव-कोळीवाड्यात या विषयाची चर्चा व्हावी, हेही उचितच होय. शीव म्हणजे सीमा, हद्द. इंग्रजांच्या मुंबईची हद्द या टेकडीपाशी संपत असे. सतराव्या शतकात गव्हर्नर जेराल्ड आँजियर याच्या काळात टेकडीवर किल्ला बांधला गेला तो याचसाठी. खाडीपलीकडे साष्टी होती. ती आधी पोर्तुगीजांची आणि १७३७ पासून १७७४ पर्यंत मराठ्यांची. त्या काळी शिवेहून कुर्ल्याला जाणे म्हणजे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणे होते. खाडीची रुंदी तेवढीच होती. पण ती ओलांडण्यास लागणारा वेळ होडीच्या वेगावर जितका अवलंबून असे, तितकाच दोन्ही तीरांवरील चौकीदारांच्या मर्जीवर असे. विमानांच्या युगात हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर पुन्हा घडली, हे आपणांस पुढे दिसून येईल.

प्रथम अंतर पाहू. मुंबईचा विमानतळ आणि कराचीचा विमानतळ यांमधील सर्वांत जवळची वाट सुमारे ८७५ किलोमीटर, म्हणजे जवळजवळ ५४५ मैलांची आहे. येथे ‘सर्वांत जवळची वाट’ म्हणजे काय, तेही स्पष्ट केले पाहिजे. आपण शाळेत भिंतीवर टांगलेला जो नकाशा पाहिला, तो सपाट. पृथ्वी मात्र गोल. सपाट नकाशावर पट्टी ठेवून काढलेली सरळ रेषा ही गोलावरची जवळची वाट नसते. ती शोधण्याचा सोपा उपाय म्हणजे पृथ्वीचा गोल घेऊन दोन स्थळांमध्ये दोरा ताणून धरणे. हा दोरा मुंबईहून लंडनपर्यंत ताणून पाहावा. सपाट नकाशावर आपणांस वाटते की, मुंबईहून अरबी समुद्र ओलांडून एडन, सुवेझ असे पश्चिमेला जावे. आगबोटी तशाच जात, कारण त्यांना पाणी लागे. पण ताणलेला दोरा वायव्येकडे वळतो, आणि वाटेत जवळजवळ थेट कराचीवरूनच जातो. मुंबई–लंडन हे अंतर सुमारे ७,२१० किलोमीटर भरते. मुंबई–कराची आणि कराची–लंडन अशी बेरीज केली तरीही उत्तर तेच येते. लंडनच्या वाटेवर कराची हा आडमार्ग नसून ते पहिले ठाणेच आहे.

पुढचा इतिहास समजण्यास ही एवढी गोष्ट पुष्कळ उपयोगी पडते. ३० मार्च १९२९ रोजी इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीने लंडनहून हिंदुस्थानात टपाल व उतारू आणणारी सेवा सुरू केली, तिचे हिंदुस्थानातील ठाणे मुंबई नव्हते, कराची होते. त्या प्रवासाला सुमारे सात दिवस लागत, आणि सगळा प्रवास विमानाचा नसे. युरोपातील काही वाट आगगाडीने आणि भूमध्य समुद्र पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने ओलांडावा लागे. रात्री विमाने उडत नसत, म्हणून ठिकठिकाणी मुक्काम पडत. तरीसुद्धा आगबोटीला जेथे दोन आठवड्यांहून अधिक काळ लागे, तेथे सात दिवस म्हणजे मोठीच बचत होती. पण मुंबईच्या व्यापाऱ्याला तिचा पुरता लाभ मिळत नव्हता. लंडनचे पत्र विमानाने कराचीला यायचे आणि तेथून आगगाडीने फेऱ्याच्या वाटेने मुंबईला पोचायचे. समुद्रमार्गे यावे तर कराची–मुंबई हे अंतर ५०० सागरी मैलांच्या आसपास; ताशी दहा-बारा मैलांनी चालणाऱ्या आगबोटीला त्यासाठी दोन दिवस हवेत. हजारो मैल उडत आलेले पत्र शेवटच्या टप्प्यात असे रखडत असे.

हा शेवटचा टप्पा जोडण्याचे काम टाटांनी केले. कल्पना नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाची होती. तिला उचलून धरणारे जहांगीर रतनजी दादाभाई टाटा हे त्या वेळी अवघ्या अठ्ठावीस वर्षांचे होते, आणि हिंदुस्थानात दिलेला पहिला वैमानिक-परवाना १९२९ साली त्यांनाच मिळालेला होता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास कराचीच्या ड्रिग रोड विमानतळावरून त्यांनी ‘पस मॉथ’ जातीचे लहानसे एक-इंजिनी विमान उडविले. बरोबर टपालाच्या थैल्या होत्या. वजन सुमारे २५ किलो. वाटेत अहमदाबादला विमान उतरले. तेथे पेट्रोलचे डबे बैलगाडीतून विमानापाशी आणण्यात आले, अशी हकीकत टाटांनीच पुढे सांगितली आहे. जगातील सर्वांत जलद वाहनाला जगातील सर्वांत संथ वाहनाने इंधन पुरवावे, हे त्या काळाचे यथार्थ चित्र होय. दुपारी दोनच्या सुमारास विमान जुहूच्या मैदानावर उतरले. पुढचा मद्रासपर्यंतचा टप्पा व्हिन्सेंट यांनी पार पाडला.

हा हिशेब पडताळून पाहण्यासारखा आहे. कराची ते अहमदाबाद सुमारे ५९० किलोमीटर आणि अहमदाबाद ते मुंबई सुमारे ४४५. म्हणजे अहमदाबादवरून जाताना वाट १,०३५ किलोमीटरांची झाली. पस मॉथचा वेग ताशी शंभर मैल, म्हणजे १६० किलोमीटर धरला, तर निव्वळ उड्डाणाला साडेसहा तास लागतात. त्यात अहमदाबादचा थांबा मिळवला की सुमारे सव्वासात तास होतात. विमानात रेडिओ नव्हता. खालची जमीन ओळखत आणि घड्याळ पाहत जायचे. आणि घड्याळ तरी कोणाचे? मुंबईची स्वतःची वेळ हिंदी प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे होती, आणि ती हट्टाने पन्नाशीच्या दशकापर्यंत पाळली जात होती. जुनी वेळापत्रके वाचताना हा खुलासा आधी करून घ्यावा लागतो.

पावसाळ्यात आणखी एक अडचण येई. जुहूचे मैदान १९२८ पासून विमानांसाठी वापरात होते खरे, पण ते समुद्राला लागून आणि सखल. मृगाच्या सरी सुरू झाल्या की तेथे चिखलच चिखल. मग टाटांचा सगळा संसार, म्हणजे मोजकी विमाने, वैमानिक आणि मिस्त्री, पुण्याला हलविला जाई, आणि येरवड्याच्या तुरुंगाशेजारील मोकळ्या जागेवरून टपालाची विमाने ये-जा करीत. म्हणजे वर्षातील चार महिने मुंबईचे विमान मुंबईला येतच नसे. अंतर तेच असले तरी ऋतू बदलला की वाट बदले.

आता ज्या गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही, तिकडे वळू. १९३२ च्या त्या उड्डाणात टाटांनी एकही सरहद्द ओलांडली नाही. एवढेच नव्हे, तर कराची आणि मुंबई ही दोन्ही शहरे त्या दिवशी एकाच इलाख्यात होती. इंग्रजांनी १८४३ मध्ये सिंध जिंकला आणि १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याला जोडला; तो वेगळा प्रांत झाला १ एप्रिल १९३६ रोजी. कराचीच्या शाळांचे, न्यायालयांचे, बंदराचे प्रश्न मुंबईच्या कायदेमंडळात चर्चिले जात. सरकारी नोकरांच्या बदल्या इकडून तिकडे होत, आणि त्यांच्यात मराठी कुटुंबेही असत. आज आपण पुण्याहून नागपूरला जावे, तितकेच ते जाणे घरचे होते. म्हणून सव्वासात तास हा वेळ यंत्राचा आणि हवामानाचा होता. त्यात राज्यकर्त्यांनी घातलेली भर मुळीच नव्हती.

पुढच्या पंधरा वर्षांत यंत्रे सुधारली, पण त्याच सुमारास जमिनीवर एक नवी शीव आखली गेली. १९४७ च्या ऑगस्टमध्ये देशाची फाळणी झाली, आणि कराची ही नव्या पाकिस्तानची राजधानी झाली. त्या हिवाळ्यात आणि पुढच्या वर्षी सिंधमधून हजारो कुटुंबे कराचीच्या धक्क्यावरून आगबोटीने मुंबईच्या गोदीत उतरली. पंजाबातून आणि सरहद्द प्रांतातून आलेली माणसे आगगाड्यांनी आली. त्यांतल्या कित्येकांना आसरा मिळाला तो याच शीव-कोळीवाड्यात. कोळ्यांच्या जुन्या गावाशेजारी निर्वासितांची वस्ती उभी राहिली; पुढे हार्बर मार्गावरील ‘कोळीवाडा’ स्टेशनाचे नावही गुरू तेग बहादूर नगर असे झाले. कोळंबीला पंजाबी मसाला लावून, डाळीच्या पिठात घोळवून तळण्याची जी रीत आज देशभर ‘कोळीवाडा’ या नावाने ओळखली जाते, ती याच शेजाराची देणगी. या वस्तीतील सिंधमधून आलेल्या वडीलधाऱ्यांना कराची किती लांब असे विचारले असते, तर त्यांनी मैल सांगितले नसते आणि तासही सांगितले नसते. जेथे परत जाता येत नाही, त्या गावाचे अंतर कोणत्याच मापात बसत नाही.

आकाशात मात्र प्रगतीचा वेग वाढत होता. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे चार इंजिनांचे विमान मुंबईहून कैरो व जिनीव्हा अशी वाट करीत लंडनला निघाले. सात दिवसांचा प्रवास सुमारे एका अहोरात्रावर आला. १९६० मध्ये बोइंग ७०७ ही जेट विमाने आली. आज मुंबई–लंडन हा प्रवास न थांबता नऊ-दहा तासांत होतो. जेट विमान ताशी ८५० किलोमीटरांनी जाते असे धरले, तर मुंबई–कराची हे ८७५ किलोमीटर एका तासात संपले पाहिजेत. वेळापत्रकात मात्र दीड तासाहून थोडा अधिक वेळ दिसे. त्याचे कारण असे की, वेळापत्रकातील वेळ विमान जागेवरून हलते तेव्हापासून दुसऱ्या जागी उभे राहते तोवरची असते. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, खाली उतरणे, पाळी येईपर्यंत घिरट्या घालणे, हे सारे त्यात येते. छोट्या प्रवासात हा बांधीव खर्च फार जाणवतो. टॅक्सीच्या पहिल्या मैलाचे भाडे नेहमी महाग पडते, तसेच हे आहे. शिवाय पाकिस्तानने १९५१ मध्ये आपली वेळ भारताच्या वेळेहून अर्धा तास मागे ठेवली. त्यामुळे मुंबईहून आठाला निघून दीड तास उडालेला प्रवासी कराचीला नवाला उतरे, आणि त्याला वाटे की तासाभरातच आलो!

यंत्राने असा सव्वासात तासांचा दीड तास करून दाखविला. पण ज्या वाटेवर विमान जायचे, ती वाटच राजकारणाने वरचेवर बंद केली. १९६५ च्या युद्धात, १९ सप्टेंबर रोजी, गुजरातचे मुख्यमंत्री बळवंतराय मेहता यांचे साधे प्रवासी विमान कच्छवर पाकिस्तानी लढाऊ विमानाने पाडले. विमानातील सर्वजण प्राणास मुकले. टाटा ज्या भागातून निर्धास्तपणे टपाल घेऊन आले होते, त्याच भागाचे हे आकाश. १९७१ च्या जानेवारीत ‘गंगा’ नावाचे भारतीय विमान पळवून लाहोरला नेले गेले व जाळण्यात आले. त्यावर भारताने ४ फेब्रुवारीपासून पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले. कराची–ढाका हे सुमारे २,३७० किलोमीटरांचे अंतर. पण आता सिलोनला वळसा घालून जाताना ते जवळजवळ दुप्पट झाले. दोन्ही देशांमधील विमानसेवा पुन्हा सुरू होण्यास १९७६ साल उजाडावे लागले. २००२ आणि २००३ ही दोन वर्षे ती पुन्हा बंद राहिली. २०१७ मध्ये कराची–मुंबई ही थेट सेवा थांबली. २०१९ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानचे आकाश बंद होते. २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना, आणि त्यापाठोपाठ भारताने पाकिस्तानी विमानांना आपापले आकाश बंद केले. दिल्लीहून अमेरिकेला न थांबता जाणाऱ्या काही विमानांना वळसा घेऊन मध्ये व्हिएन्नाला इंधनासाठी उतरावे लागले.

थेट सेवा नसताना कराचीला जाणाऱ्याला दुबईसारख्या तिसऱ्या ठिकाणी विमान बदलावे लागते. मुंबई–दुबई सुमारे १,९३० किलोमीटर, दुबई–कराची सुमारे १,१९०. एकूण ३,१२० किलोमीटर. म्हणजे ८७५ किलोमीटरांवरच्या गावाला जाण्यासाठी साडेतीनपट वाट चालायची. उड्डाणाचे पाच तास, त्यात दुबईत दुसरे विमान मिळेपर्यंतचा खोळंबा. सारे मिळून सव्वासात तासांत पोचलो तर नशीब म्हणायचे. टाटांना १९३२ साली, ताशी शंभर मैलांच्या विमानात, बैलगाडीतून आलेल्या पेट्रोलवर, एवढाच वेळ लागला होता. नव्वद वर्षांत यंत्रांचा वेग पाचपट वाढला. तो सगळा वळशात खर्च झाला. व्हिसाचा प्रश्न तर वेगळाच.

विमानात बसणाऱ्यांचीच ही कथा आहे, असे मात्र कोणी समजू नये. समुद्रातील शीव याहून कठोर आहे. पालघर जिल्ह्यातले कितीतरी खलाशी गुजरातच्या मासेमारी बोटींवर कामाला जातात. कच्छच्या समुद्रात पाण्यावर रेघ दिसत नाही. इंजिन बंद पडले, प्रवाहाने ओढले, किंवा मासळीच्या मागे लागून पुढे गेले, की बोट पकडली जाते आणि खलाशी कराचीच्या मलीर तुरुंगात जातो. तिकडच्या कोळ्यांच्या वाट्याला आपल्या किनाऱ्यावर हेच येते. समुद्रातून कराचीला पोचण्यास त्याला काही तास लागतात. परत येण्यास वर्षे लागतात. सुटका झाली तरी तो आल्या वाटेने येत नाही. त्याला कराचीहून शेकडो मैल उत्तरेला लाहोरला नेतात, वाघा येथे चालत सीमा ओलांडायला लावतात, आणि तेथून पुन्हा शेकडो मैल दक्षिणेला तो आपल्या गावी येतो. समुद्राच्या कडेचा माणूस घरी परततो तो पंजाबच्या शेतांमधून! कोळीवाड्यातल्या माणसाला या वळशाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

टाटांच्या त्या पहिल्या उड्डाणाचे स्मरण म्हणून झालेली दोन उड्डाणे येथे सांगितली पाहिजेत. १९८२ मध्ये पन्नास वर्षे पूर्ण झाली, तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या जे. आर. डी. टाटांनी ‘लेपर्ड मॉथ’ या जुन्या विमानातून एकट्याने पुन्हा कराची–मुंबई प्रवास केला. या वेळी त्यांना एक सरहद्द ओलांडावी लागली; पण ती ओलांडता आली. २०२१ मध्ये त्याच तारखेला मुंबईच्या तरुण वैमानिक आरोही पंडित यांनी हलक्या विमानातून त्या उड्डाणाची स्मृती जागविली, तेव्हा त्या निघाल्या कच्छमधून. कराचीचे टोक त्या मार्गातून गळून गेले होते. पहिल्या उड्डाणात सरहद्द नव्हती, दुसऱ्यात ती होती पण उघडत होती, आणि तिसऱ्यात वाट सरहद्दीच्या अलीकडूनच सुरू झाली. नव्वद वर्षांचा इतिहास या तीन उड्डाणांत आला.

याचा अर्थ एकदा आखलेली शीव कायमची असते, असा घेण्याचे कारण नाही. निदान या ठिकाणी बसून तरी तसे म्हणता येणार नाही. आपली शीव शंभराहून अधिक वर्षे दोन राज्यांची हद्द होती. टेकडीवर किल्ला होता. १७७४ नंतर दोन्ही तीर एकाच सत्तेखाली आले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, गव्हर्नर जोनाथन डंकन याच्या कारकिर्दीत, शीव आणि कुर्ला यांच्यामध्ये खाडीवर बांध पडला. १८५३ मध्ये ठाण्याला जाणारी पहिली आगगाडी शिवेवरून गेली. खाडी रुंदीने एक हातही कमी झालेली नव्हती. तरी पलीकडचे गाव जवळ आले. आज रोज लाखो माणसे ती हद्द ओलांडतात आणि त्यांतल्या कोणालाही आपण हद्द ओलांडली हे ठाऊक नसते. एखादा वेळापत्रकावर नजर टाकतो तो एवढ्यासाठीच की, पुढची गाडी किती मिनिटांनी आहे.

कराची आणि जुहू यांच्यामध्ये ८७५ किलोमीटर १९३२ सालीही होते, आजही आहेत. त्यांचे तास किती करायचे, हे पूर्वी पस मॉथच्या इंजिनाने आणि जुहूच्या चिखलाने ठरविले. नंतर ते दोन राजधान्यांत ठरू लागले. इंजिन सुधारते कारण ते सुधारणारे मिस्त्री रात्रंदिवस त्याच्याशी झटतात. दुसऱ्या कामालाही तितकेच चिकाटीचे मिस्त्री मिळाले पाहिजेत.